डोक्यातले धुके आणि न विचारलेला प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला तेव्हा बालदमा, लसीकरण किंवा मुलांचे मोबाइलवेड यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे प्रथम वाटले. परंतु काही वर्षांपासून मनात सलत राहिलेली एक गोष्ट या निमित्ताने आपल्यापुढे मांडावी, असे शेवटी ठरविले. विषय बालरोगतज्ज्ञाचा नाही, असे आपल्याला वाटेल. मलाही तसेच वाटत होते, आणि माझी चूक झाली ती नेमकी तिथेच.

उधना भागातील एक आई आपल्या नऊ महिन्यांच्या मुलाला सर्दीतापासाठी घेऊन आली होती. मी पॅरासिटामॉलचे थेंब लिहून दिले, डोस समजावून सांगितला. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती धावतपळत परत आली. रात्री तिने तासाभरात तेच औषध दोनदा पाजले होते. पहिला डोस दिल्याचे तिला आठवतच नव्हते. सासूबाईंनी सांगितले तेव्हा कळले. सुदैवाने एकूण मात्रा धोक्याच्या पातळीच्या बरीच खाली होती आणि बाळ हसतखेळत होते. मी मात्र तिच्यावर रागावलो. ती खाली मान घालून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मी आधी अशी नव्हते हो. मार्केटातल्या कपड्याच्या पेढीचे हिशोब बघायचे मी. आता सकाळी दुधाच्या पिशव्या किती घेतल्या तेही आठवत नाही. डोक्यात कुणी कापूस भरलाय असं वाटतं. आणि संध्याकाळ झाली की कारण नसताना गभरामण होते."

'गभरामण' हा गुजराती शब्द सुरतेत वाढलेल्या मराठी माणसाच्या तोंडी सहज येतो. छातीतली धडधड, जिवाची घालमेल, काहीतरी वाईट होणार ही धास्ती, हे सारे त्या एका शब्दात मावते. इतके नेमके वर्णन ऐकूनही मी तिला म्हणालो, "ताई, बाळंतपणानंतर असं होतंच. झोप पुरी होत नाही ना! फार विचार करू नका." केसपेपरवर बाळाचे वजन, ताप, श्वासाची गती सारे नोंदविले. आईविषयी दोनच शब्द लिहिले : 'काळजीखोर आई'.

नंतर कळले की ती माझ्याआधी आणि माझ्यानंतरही इतरत्र जाऊन आली होती. कुणी कार्डिओग्राम काढून तो निर्दोष असल्याचे सांगितले, कुणी झोपेची गोळी दिली, घरच्यांनी दृष्ट काढली. प्रत्येकाने आपापल्या परीने तिला धीर दिला. मात्र एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही.

तीन महिन्यांनी ती मुलाला लसीसाठी घेऊन आली. तपासणी झाली, नवरा बिल देण्यासाठी बाहेर गेला, तेव्हा दाराशी घुटमळत तिने हळूच विचारले, "अंगावर पाजताना या गोळ्या चालतात ना?" आणि पर्सच्या आतल्या कप्प्यातून एक पाकीट काढून दाखविले. ती संमिश्र गर्भनिरोधक गोळी होती. बाळ सहा महिन्यांचे झाल्यावर शेजारणीच्या सल्ल्याने तिने ती औषधाच्या दुकानातून आणली होती. सासूबाईंना कळू नये म्हणून पाकीट ज्वारीच्या डब्यात ठेवलेले असे. डोक्यातला कापूस त्यानंतर काही आठवड्यांत सुरू झाला होता. "अहो, मग हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले. तिचे उत्तर मी आजही विसरलो नाही : "कुणी औषध चालू आहे का विचारलं तर मी नाहीच म्हणायचे. हे काही औषध नाही ना, रोजचंच आहे."

आपल्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांकडे मी तिला पाठविले. तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन दहाच्या खाली, ब-१२ जीवनसत्त्व कमी, थायरॉइड ठीक. गोळी बंद करण्याचे ठरले, पण त्याच दिवसापासून नवऱ्याने निरोध वापरायचा, हेही ठरले. रक्त कमी असताना कॉपर टी बसविल्यास पाळीतला रक्तस्राव वाढून आणखी त्रास व्हायचा, म्हणून ती काही महिने पुढे ढकलली. लोह आणि ब-१२ सुरू झाले. नवरा डाइंग मिलमध्ये पाळीने काम करणारा. दिवसपाळीच्या आठवड्यात रात्रीचे एक वेळचे बाळाचे पाहणे त्याने आपल्याकडे घेतले. सहा आठवड्यांनी ती म्हणाली, "कापूस निघाला." पुढे काही महिन्यांनी ती पुन्हा पेढीवर हिशोबाला जाऊ लागली.

आता प्रामाणिकपणे सांगायचे तर, गुण कशाचा आला हे मला ठाऊक नाही. गोळी थांबल्याचा, लोहाचा, ब-१२चा, मिळालेल्या झोपेचा, की कुणीतरी आपले म्हणणे खरे मानले याचा? एका रुग्णावरून निष्कर्ष काढता येत नाही, आणि गोळीला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी हा लेख लिहिलेलाही नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की गोळी हे संभाव्य कारणांपैकी एक होते, आणि ते यादीतच आले नाही. कारण आम्ही विचारले नाही आणि तिने सांगितले नाही.

शास्त्र काय सांगते?

२०१६ साली डेन्मार्कमधील १५ ते ३४ वयाच्या दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संमिश्र गोळी घेणाऱ्या स्त्रियांना पहिल्यांदाच नैराश्यविरोधी औषध सुरू करावे लागण्याचे प्रमाण न घेणाऱ्यांच्या सुमारे १.२ पट आढळले. १५ ते १९ वयाच्या मुलींत ते सुमारे १.८ पट होते. हा नोंदींवरचा अभ्यास असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, आणि पटीचा आकडा मोठा वाटला तरी प्रत्यक्षात बहुसंख्य स्त्रियांना काहीही त्रास झालेला नव्हता. २०१७ साली स्वीडनमध्ये ३४० निरोगी स्त्रियांना तीन महिने गोळी किंवा तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी देऊन तुलना करण्यात आली. नैराश्याच्या लक्षणांत फरक आढळला नाही. परंतु उत्साह, स्वस्थता, एकूण बरे वाटणे यांत गोळी घेणाऱ्यांची घट दिसली. २०१८ साली युरोपीय औषध नियामकांनी अशा औषधांच्या माहितीपत्रकात मनःस्थिती बिघडण्याविषयी आणि आत्महत्येच्या विचारांविषयी इशारा घालण्यास सांगितले. स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांवरील अभ्यास मात्र थोडे आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

असे होण्यास शारीरिक आधार असू शकतो काय? असू शकतो. शरीरातील प्रोजेस्टेरॉनपासून अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते मेंदूतील गाबा ग्राहकांवर काम करून मन शांत ठेवण्यास मदत करते. गोळीमुळे अंडविमोचन थांबते, त्यामुळे शरीराचे स्वतःचे प्रोजेस्टेरॉन आणि त्याबरोबर हे द्रव्यही घटते. हेच द्रव्य औषध म्हणून शिरेतून देण्यास अमेरिकेत २०१९ साली प्रसूतीपश्चात नैराश्यासाठी मान्यता मिळाली. म्हणजे या संप्रेरकांचा मनाशी संबंध आहे, हे कल्पनेचे खेळ नव्हेत. काही स्त्रियांना हा बदल जाणवतच नाही, काहींना उलट बरे वाटते आणि थोड्यांना त्रास होतो. ती थोड्यांतली एक आपल्यासमोर बसली असेल, तर सरासरीचा आकडा तिच्या काय कामाचा?

तक्रार जुनी, उत्तरही जुनेच

१९५६ साली पोर्टो रिको येथे गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या सुरू झाल्या. तेथील काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळविले की गोळी गर्भ रोखते खरी, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होतात आणि हे प्रमाण स्वीकारण्याजोगे नाही. मुख्य संशोधकांनी यांतील बऱ्याच तक्रारी मनाचे खेळ ठरविल्या. त्या वेळच्या गोळीत इस्ट्रोजेनवर्गीय द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होते. आपल्या माला-डीमध्ये इथिनाइल इस्ट्रॅडिऑल ३० मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे मात्रा पुढे बरीच घटली. १९७० साली अमेरिकन सिनेटपुढे गोळीच्या सुरक्षिततेची सुनावणी झाली, तेव्हा गोळी घेणाऱ्या स्त्रियांना साक्षीसाठी बोलावलेच नव्हते. स्त्रियांनी सभागृहातच उठून प्रश्न विचारले, आणि त्याच वर्षी पाकिटात रुग्णासाठी माहितीपत्रक घालण्याचा निर्णय झाला.

आपल्या देशातही नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचणीत स्त्रियांना पुरेशी माहिती दिली जात नाही, असा आक्षेप हैदराबादजवळील पटनचेरूच्या शिबिरानंतर स्त्रीसंघटनांनी घेतला आणि १९८६ साली हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

मराठी माणसाला तर याबाबतीत फार चांगला वारसा आहे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र सुरू झाले तेही त्याच वर्षी. १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालविले आणि वाचकांच्या संकोचाच्या शंकांना न लाजता, न रागावता उत्तरे दिली. साधन देणे आणि शंका ऐकणे ही दोन्ही कामे त्यांनी एकच मानली. आपण पहिले काम घेतले आणि दुसरे बहुधा सोडून दिले.

मुलींच्या बाबतीत

बालरोगतज्ज्ञाला हा विषय आणखी एका वाटेने भेटतो. अकरावी-बारावीच्या मुलींना पाळीच्या अनियमिततेसाठी, 'पीसीओएस' म्हणून, हीच संमिश्र गोळी दिली जाते. योग्य रुग्णात ती योग्यच आहे. परंतु पुष्कळदा तिच्या जोडीला मेटफॉर्मिनही चालू असते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यास ब-१२ घटते, हे आपण सारे जाणतो. आणि गुजरातेत राहून आपल्यापैकीही कित्येक घरे शाकाहारी झाली आहेत, तेथे ते आधीच कमी असते. "डॉक्टर, हिचं अभ्यासात लक्ष लागत नाही," अशी तक्रार घेऊन आई येते तेव्हा आपण मोबाइलला दोष देऊन मोकळे होतो. गोळ्यांचा उल्लेख आई टाळते, कारण पुढे लग्नाच्या वेळी गवगवा नको.

तिसरी वाट सणावारांची. गौरी-गणपती, नवरात्र, घरचे लग्न, खानदेशी घरांतले कानबाईचे रोट, सप्तशृंगी गडाची यात्रा. पाळी पुढे ढकलण्यासाठी नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या दुकानातून सहज आणल्या जातात. ५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, म्हणजे रोज १५ मिलिग्रॅम प्रोजेस्टिन! शिवाय या औषधाचा काही अंश शरीरात इथिनाइल इस्ट्रॅडिऑलमध्ये रूपांतरित होतो. एखाद्या वेळी, डॉक्टरांना विचारून घेतल्यास बहुतेकींना ती सोसते. पण श्रावणापासून दिवाळीपर्यंत तीनतीनदा ती घेणारी आणि "सणात मला रडू का येतं कळत नाही" म्हणणारी सून आपण पाहिलेली आहे. देवीच्या दर्शनासाठी स्त्रीने आपल्या प्रकृतीशी असा खेळ करावा, अशी देवीची अपेक्षा असेल असे मला तरी वाटत नाही.

धुक्यातून वाट काढताना

ज्या भगिनींना असा त्रास होत असेल, त्यांच्यासाठी काही गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, आपल्याला जे होते आहे ते खरे आहे. तपासणीत काही सापडले नाही याचा अर्थ काही होत नाही, असा नव्हे.

दुसरी गोष्ट, गोळी मनाने एकाएकी सोडू नये. पाकीट अर्धवट टाकले आणि दुसरे साधन हाती नसले, तर नको असलेली गर्भधारणा हा अधिक मोठा त्रास होऊन बसतो. आधी पर्याय ठरवावा, मग बदल करावा. निरोध आणि कॉपर टी ही संप्रेरकविरहित साधने आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झालेली 'सहेली' ही गोळी स्टेरॉइडरहित आहे. 'छाया' या नावाने ती सरकारी केंद्रांतून मिळते आणि पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यावी लागते. २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आलेले 'अंतरा' हे इंजेक्शन सोयीचे आहे, पण ज्यांना संप्रेरकांचा त्रास झालेला आहे त्यांनी विचारपूर्वक घ्यावे. गोळी उद्या थांबविता येते. तीन महिन्यांचे इंजेक्शन एकदा दिले की परत काढून घेता येत नाही.

तिसरी गोष्ट, एक साधी वही ठेवावी. तारीख, पाळीचा दिवस, गोळी सुरू किंवा बंद केल्याचा दिवस, झोपेचे तास आणि त्या दिवशी डोके किती जड होते, शून्य ते दहापैकी एक आकडा. दोन महिन्यांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली, तर दहा तपासण्यांहून अधिक उलगडा होतो. त्रास गोळीच्या आधीपासून होता की नंतर आला, हे वही सांगते. आठवण सांगत नाही, कारण आठवणीचीच तर तक्रार आहे.

चौथी गोष्ट आपल्या डॉक्टर मित्रांसाठी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत गुजरातेतील १५ ते ४९ वयाच्या ६५ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. म्हणून गोळीवर बोट ठेवण्यापूर्वी हिमोग्लोबिन, ब-१२, थायरॉइड पाहावे. आणि हे पाहिले म्हणून गोळीचा प्रश्न वगळू नये. इस्ट्रोजेनमुळे थायरॉइडची वाहक प्रथिने वाढतात, तेव्हा एकूण टी-४ वर न विसंबता मुक्त टी-४ आणि टीएसएच पाहावे. बाळ लहान असेल तर प्रसूतीपश्चात नैराश्याविषयी स्पष्ट विचारावे.

जगणे नकोसे वाटणे, स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याचे विचार येणे, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठणे, एका पायाला सूज आणि वेदना, अचानक धाप लागणे, यांपैकी काही असल्यास वहीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. मनाच्या तक्रारीसाठी सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

एक आक्षेप

हा विषय मित्रांत काढला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "अहो, तुम्ही असं विचारत सुटलात तर ज्यांना काही होत नाही त्यांनाही व्हायला लागेल. बायका गोळ्या सोडतील आणि पुन्हा पाळणे हलू लागतील." आक्षेप अगदीच निराधार नाही. त्रासाची अपेक्षा ठेवली की त्रास जाणवतो, हे खरे आहे. शिवाय या गोळीने असंख्य स्त्रियांना नको असलेल्या बाळंतपणांतून सोडविले आहे आणि अंडाशयाच्या कर्करोगाची शक्यताही ती कमी करते.

पण माझा अनुभव उलट आहे. ज्या स्त्रीला आधी सांगितलेले असते की "त्रास झाला तर या, दुसरे साधन आहे", ती गोळी सोडून घरी बसत नाही; ती परत येते. जिला काहीच सांगितलेले नसते, ती गुपचूप सोडते आणि मग गर्भपातासाठी येते. त्याच पाहणीत देशातील विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली दिसते, तर पतीची नसबंदी झालेल्यांचे प्रमाण अवघे ०.३ टक्के आहे. संततिनियमनाचा सारा भार आपण स्त्रीच्या शरीरावर टाकला आहे. तो भार ती निमूटपणे वाहते, तर निदान त्याविषयी तिचे दोन शब्द ऐकून घेणे हे आपले कर्तव्यच नव्हे काय?

माझ्या केसपेपरवर आता बाळाच्या नोंदींखाली एक ओळ वाढविली आहे : 'आई – झोप, रक्त, पाळी, गोळी/इंजेक्शन/कॉपर टी'. प्रश्न विचारताना मी 'औषध' हा शब्द वापरत नाही. 'रोज किंवा सणावाराला काही घेता का?' असे विचारतो, आणि शक्यतो सासूबाई व नवरा बाहेर असताना. अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाही.

त्या आईचा मुलगा आता शाळेत जातो. मागच्या भेटीत त्याचे वजन लिहिताना माझ्याकडून आकडा चुकला, तो तिने तिथल्या तिथे दुरुस्त करून दिला. 'काळजीखोर आई' असे जिच्याविषयी मी लिहिले होते, ती हीच.

आपल्या मंडळातील सर्व शाखांच्या डॉक्टर बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, अशी एक ओळ आपणही आपल्या केसपेपरवर घालावी. आणि समाजातील माताभगिनींना सांगणे आहे की, डॉक्टरांकडे जाताना ज्वारीच्या डब्यातले पाकीटही बरोबर न्यावे. त्यात लपविण्यासारखे काहीही नाही.